छातीवरचा कंबरपट्टा

गेल्या उन्हाळ्यात आत्या तीन आठवडे आमच्याकडे होती. आत्या सटाण्याकडची, मनातल्या मनात अहिराणीतच बोलणारी, आणि नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत दुसऱ्याच दिवशी कंटाळलेली. एका रात्री लाइट जाऊन आले, कुणालाच झोप येईना, म्हणून पोरानं 'पॅरासाइट' लावला. बोंग जून-हो यांचा 2019 चा कोरियन सिनेमा. बोलणं कोरियन, खाली इंग्रजी सबटायटल्स. आत्याला इंग्रजी वाचता येत नाही आणि मला माझा चष्मा सापडत नव्हता. त्यामुळे पोरगा तिच्या खुर्चीला टेकून खाली बसला आणि ओळ न् ओळ मराठीत सांगू लागला.

सुरुवातीलाच त्यातलं गरीब कुटुंब फुकटचं वायफाय शोधत घरभर हिंडतं. मोबाइल उंच धरायचा, कोपऱ्यात न्यायचा, आणि शेवटी रेंज सापडते ती संडासाच्या कट्ट्यावर. पोरगा तोंड उघडणार, तोवर आत्या हसत सुटली. "हाई ते आपला गावनंच शे!" तिच्या गावात म्हणे पाण्याच्या टाकीचा अर्धा जिना चढला की मोबाइलला दांड्या येतात, त्यामुळे संध्याकाळी टाकीवर जत्राच असते.

थोड्या वेळानं त्या घरातली मुलगी भावासाठी कॉम्प्युटरवर खोटं सर्टिफिकेट तयार करते. बापाचा ऊर भरून येतो आणि तो काहीतरी विचारतो. पोरानं वाचलं, "तो म्हणतोय, खोटी कागदपत्रं बनवायचा कोर्स ऑक्सफर्डला असतो का?" आत्या गप्प. "ऑक्सफर्ड म्हंजे?" "इंग्लंडचं मोठं कॉलेज गं." "बरं." आता यात हसायचं काय होतं ते सांगत बसलो तर सिनेमा पुढे जाणार. मी म्हटलं, "आत्या, तो विचारतोय, आयआयटीत डुप्लिकेट सर्टिफिकेटची ब्रँच निघाली का?" आत्याला ठसका लागेपर्यंत हसू आलं. तिच्या शेजारणीचा नातू दोन वर्षं कोट्याला काढून आला होता, त्यामुळे आयआयटी म्हणजे काय प्रकरण असतं हे तिला पक्कं ठाऊक.

गंमत पुढे आहे. मूळ कोरियन संवादात ऑक्सफर्ड नाहीच. बाप विचारतो ते सोल नॅशनल युनिव्हर्सिटीबद्दल, म्हणजे कोरियातल्या आईबापांच्या स्वप्नात येणाऱ्या विद्यापीठाबद्दल. इंग्रजी सबटायटल्स लिहिणाऱ्या डार्सी पॅकेट यांनी तिथे ऑक्सफर्ड घातलं, कारण सोलचं नाव वाचून बाहेरच्या प्रेक्षकाला नुसती माहिती मिळाली असती, हसू आलं नसतं. म्हणजे सोलहून निघालेला विनोद ऑक्सफर्डला उतरला आणि सिडकोत पोचेपर्यंत पवईला गेला. विद्यापीठ दोनदा बदललं, तरी बापाचा अभिमान आणि त्यातला वेडेपणा जागचा हलला नाही.

एका संस्कृतीतला विनोद दुसरीत जातो का, हा प्रश्न ऐकायला सेमिनारातला वाटतो, पण आमच्या हॉलमध्ये त्या रात्री तो तासाभरात तीन-चार वेळा सुटला आणि तितक्याच वेळा फसला. का सुटतो आणि का फसतो, ते पाहू.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात वेशभूषेबद्दल बोलताना एक फार उपयोगी गोष्ट येते. ज्या देशाचा वेष तिथे शोभतो, दुसरीकडे शोभत नाही. कंबरेची मेखला छातीवर बांधली तर हसूच होणार. विनोद कसा चालतो याचं इतकं आटोपशीर स्पष्टीकरण मला दुसरीकडे मिळालेलं नाही. कांट यांनी 1790 मध्ये जवळपास हेच सांगितलं, की ताणून धरलेली अपेक्षा एकदम फुस्स झाली की माणूस हसतो. पण भरतांचा दाखला डोळ्यांसमोर उभा राहतो. कंबरपट्टा छातीवर दिसला की हसू येतं, हे खरं. मात्र एक अट आहे. तो कंबरेला बांधायचा असतो हे बघणाऱ्याला आधीच माहीत हवं. ज्या देशात कंबरपट्टाच नाही, तिथला माणूस म्हणेल, छान दागिना आहे, छातीवर घालतात वाटतं.

म्हणजे विनोदात दोन गोष्टी असतात. पडद्यावर मोडलेला नियम, आणि प्रेक्षकाच्या डोक्यात आधीपासून बसलेला तोच नियम. सिनेमा फक्त पहिली गोष्ट घेऊन प्रवास करतो. दुसरी ज्याची त्यानं घरून आणायची असते.

नाशिकचंच उदाहरण घ्या. समजा एका राजकीय सिनेमात कुणी पुढाऱ्याबद्दल म्हटलं, "साहेब म्हणजे दुतोंड्या मारुती. गळ्यापर्यंत पाणी आलं तरी जागचे हलत नाहीत." नाशिककर यावर दोनदा हसेल. एकदा 'दुतोंड्या' या शब्दाला, आणि दुसऱ्यांदा पुराच्या आठवणीला. कारण गंगेला (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) पूर आला की मोजपट्टी म्हणून आम्ही पात्रातल्या त्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो; पाणी कंबरेला लागलं, छातीला लागलं, बुडाला, असे फोन अख्ख्या शहरात फिरतात. कोल्हापूरचा माणूस एकदा हसेल. तमिळ माणसाला सबटायटलमध्ये 'दोन तोंडांचा' एवढंच मिळेल. कोरियन माणूस मात्र देवाला दोन तोंडं कशी, या विचारात पुढची दोन मिनिटं हरवेल. वाक्य तेच असतं, पण रविवार कारंज्यापासून जितकं लांब जावं तितकं ते पातळ होत जातं.

सगळेच विनोद सारखे पातळ होत नाहीत. केळीच्या सालीवरून पडणं पातळ होत नाही, कारण माणूस उभा चालतो हा नियम जगभर एकच आहे. मूकपटांचा धंदा याच जोरावर चालला. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या आणि नाशिकला स्टुडिओ थाटलेल्या दादासाहेब फाळक्यांनीही पौराणिक कथांच्या जोडीला 'पिठाचे पंजे' नावाचा छोटा विनोदी पट काढला होता. मुक्या पडद्याला भाषेची जकात नव्हती.

जकात सगळ्यात जास्त बसते ती भाषेवरच्या विनोदाला. 'अशी ही बनवाबनवी' (1988) मधलं "हा माझा बायको, पार्वती" हे वाक्य घ्या. मराठी माणसाला ते समजावावं लागत नाही. 'हा' पुल्लिंगी, 'माझा' पुल्लिंगी, 'बायको' स्त्रीलिंगी. लुगड्यातल्या पुरुषाचं सगळं बिंग त्या दोन सर्वनामांनी फोडलेलं आहे. हिंदीत हा विनोद जिवंत जाईल, कारण हिंदीलाही 'मेरा' आणि 'मेरी' मधून निवडावं लागतं. इंग्रजीत 'माझ्या'ला लिंगच नाही. तिथे हे वाक्य एका सभ्य गृहस्थानं करून दिलेली पत्नीची ओळख होऊन बसतं. भाषांतरकार कितीही हुशार असो, ज्या भाषेत खिळाच नाही तिथे सदरा अडकवायचा कुठे?

आणि बिचाऱ्या सबटायटलवाल्याकडे जागा किती असते? नेटफ्लिक्सच्या नियमात इंग्रजी सबटायटलची एक ओळ 42 अक्षरांची, ओळी फार तर दोन, आणि पडद्यावर मुक्काम जास्तीत जास्त 7 सेकंद. एवढ्यात पात्र काय म्हणालं ते सांगायचं, विनोद राखायचा आणि प्रेक्षकाला नटाचा चेहरा बघायलाही वेळ ठेवायचा. तळटीप द्यायला वाव नाही; आणि दिली तरी माझं मत असं की तळटीप वाचून आलेलं हसू हे डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारल्यावर उडणाऱ्या पायासारखं असतं. शिवाय वेळेची भानगड वेगळीच. ओळ एकदम उमटते, नट मात्र ती हळूहळू बोलतो. त्यामुळे वाचणारे आधी हसतात, भाषा कळणारे नंतर. आमच्याकडे तर तीन लाटा होत्या. पोरगा हसायचा, मग तो सांगायचा, मग आत्या हसायची, आणि तिच्या हसण्यात पुढचे दोन संवाद वाहून जायचे.

त्याच सिनेमात एक खाण्याचा प्रसंग आहे. श्रीमंत बाई फोनवरून मोलकरणीला 'चापागुरी' करायला सांगते. कोरियात दोन स्वस्त पाकिटबंद नूडल्स एकत्र करून हा प्रकार करतात; पोरंसोरं करतात, होस्टेलवर करतात. वर बाई सांगते, त्यात चांगलं महागाचं बीफ घाल. पॅकेट यांनी इंग्रजीत 'रामडॉन' असा नवा शब्दच जुळवला, रामेन आणि उडोन मिळून. अर्थ पोचला, पण पदार्थाची पत नाही पोचली. कोरियन प्रेक्षकाला तिथे जे टोचतं ते असं असणार, की आपल्याकडे कुणी मोठ्या घरातल्या बाईनं सांगावं, जरा मॅगी टाक, आणि वरून काजू-केशर घाल. आत्याला मी असं सांगितल्यावर ती हसली नाही. "पैसा ना माज," एवढंच म्हणाली. माझ्या मते विनोद तिच्यापर्यंत पोचला होता, बहुतेकांपेक्षा जास्तच.

मग यावर उपाय काय? शब्दाला शब्द देऊन भागत नाही, हे तर दिसलंच. चांगले लोक नियमाला नियम देतात. आर्मांडो इयानुची यांच्या 'द डेथ ऑफ स्टॅलिन' (2017) मध्ये सगळी पात्रं रशियन, पण एकही नट इंग्रजी बोलताना रशियन हेल काढत नाही. स्टॅलिन लंडनच्या कष्टकरी वस्तीतल्या माणसासारखा बोलतो, सेनापती झुकोव्ह यॉर्कशरच्या रांगड्या बोलीत. इंग्रज प्रेक्षकाला त्या बोलींतून एका फटक्यात कळतं की कोण कुठून वर आलाय आणि कोण कुणाला जुमानत नाही. मराठीत करायचं तर छातीभर पदकं लावलेला तो सेनापती कोल्हापुरी बोलायला हवा, म्हणजे दरबारातले सगळे गप्प का होतात ते सांगावं लागणार नाही.

चॅप्लिन यांनी याच्या पुढची चाल केली. 'द ग्रेट डिक्टेटर' (1940) मध्ये त्यांचा हुकूमशहा जर्मनसारखी वाटणारी एक खोटीच भाषा बोलतो, मधूनच खाण्याच्या पदार्थांची नावं घुसडतो, खोकतो, गुरगुरतो. ही भाषा कुणाचीच नाही, म्हणून बर्लिन, लंडन आणि नाशिक तिन्हीकडचा प्रेक्षक सारखाच बाहेरचा. त्यातही खरी मेख दुभाष्यात आहे. हुकूमशहा ज्यूंच्या नावानं दात-ओठ खाऊन लांबलचक गरळ ओकतो आणि दुभाष्याचा शांत आवाज येतो: महामहिमांनी आत्ताच ज्यू लोकांचा उल्लेख केला. भाषांतराच्या धंद्यावर याहून कडवट विनोद मला माहीत नाही. सौम्य शब्दांत सांगणं हीच तिथे सगळ्यात मोठी लबाडी आहे.

तिसरा मार्ग म्हणजे सगळा मांडवच उचलून दुसऱ्या गावात न्यायचा. 2008 मध्ये फ्रान्समध्ये एक सिनेमा तुफान चालला. दक्षिणेतल्या पोस्टमास्तरची शिक्षा म्हणून उत्तरेला बदली होते. उत्तर म्हणजे थंडी, दारिद्र्य आणि न कळणारी बोली, असा त्याचा समज. दोन वर्षांनी इटलीत त्याची नवी आवृत्ती निघाली आणि त्यात दिशाच उलटी केली. इटलीत मिजास उत्तरेची आणि बदनाम दक्षिण, म्हणून पोस्टमास्तर मिलानजवळून खाली नेपल्सच्या बाजूला पाठवला. नकाशा उलटा झाला, विनोद सुलटा राहिला. आपल्याकडे कुणी केला तर पुण्यातला साहेब सुरगाण्याला पाठवावा लागेल, आणि गाडी सापुताऱ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत त्याच्या बायकोचे चौदा फोन येऊन गेले पाहिजेत.

या कामात आमचा जिल्हा कुणाला हार जाणार नाही. नाशिकहून आग्रा रोडनं शंभरेक किलोमीटरवर मालेगाव. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारी माग बंद, आणि कामगारांची पावलं सिनेमाकडे. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला. घोडे आणायचे कुठून? डाकू सायकलवर आले. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन' झाला. सुपरमॅन झालेले शफीक शेख खऱ्या आयुष्यात माग चालवणारे, अंगानं काडी. त्यांना हिरव्या पडद्यासमोर आडवं टांगून उडवलं. या सिनेमाचं काम कसं चाललं त्यावर फैझा अहमद खान यांनी 2008 मध्ये माहितीपट केला, आणि अलीकडे रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला, तेव्हा ही गोष्ट आणखी लांब गेली.

यात नेमकं काय घडतं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या सुपरमॅनचा पोशाख तोच आहे. पण मूळ सुपरमॅन हसायचा विषय नसतो. तो त्याच्या गावात शोभतो, कारण तिथे उंच इमारती आहेत, वर्तमानपत्राच्या कचेऱ्या आहेत, वाचवायला विमानं आहेत. तोच लाल झगा तुंबलेल्या गटारीच्या आणि मागांच्या खडखडाटाच्या गल्लीत उभा केला की भरतांची मेखला छातीवर येते. मालेगावच्या लोकांनी विनोद आयातच केला नाही. त्यांनी गंभीर माल आयात केला, आणि तो आपल्या गल्लीत बसत नाही हे दाखवून हसू तयार केलं. शिवाय हसू येताना गटारही दिसतं. टोमणा सुपरमॅनला आहे की नगराला, हे बघणाऱ्यानं ठरवावं.

आता टोमण्याचीच गोष्ट, कारण उपहासाच्या सिनेमाला नुसता मोडलेला नियम पुरत नाही. तिथे कंबरपट्टा छातीवर कुणी बांधलाय, आणि त्याच्या समोर हसायची हिंमत आहे का, याला महत्त्व आहे. नोकरानं उलटा घातला तर नुसती गंमत. राजानं उलटा घातला आणि दरबार 'वा, काय शोभतोय' म्हणाला, की उपहास. म्हणजे परदेशी प्रेक्षकाला नियमाबरोबर भीतीही कळावी लागते.

आणि माझं निरीक्षण असं की, शब्द, पदार्थ, पुराणकथा हे सगळं वाटेत गळतं, पण साहेबाची भीती गळत नाही. गोगोल यांचं 'इन्स्पेक्टर जनरल' हे नाटक 1836 चं, रशियातलं. एका आडगावात खबर येते की वरून तपासणीसाहेब वेष बदलून येणार आहे. गावाची तंतरते. दवाखान्यातल्या रोग्यांना धुतलेल्या टोप्या घाला, कोर्टाच्या बाहेरच्या खोलीत शिपायानं पाळलेली बदकं हलवा, अशी धावपळ सुरू होते. आणि मग खाणावळीचं बिल थकवलेल्या एका फुकट्या कारकुनालाच सगळे साहेब समजतात. या नाटकावर 1949 मध्ये हॉलिवूडनं सिनेमा काढला, 1950 मध्ये चेतन आनंद यांनी हिंदीत 'अफसर' केला, आणि मराठीत पु. ल. देशपांड्यांनी 'अंमलदार' लिहिलं. रशियन टोप्या आणि बदकं कुठल्या कुठे गेली. पण मंत्री येणार म्हणून आदल्या रात्री बारा वाजता दुभाजकाला पट्टे मारताना आणि सकाळी त्याच ओल्या रंगावर म्हैस अंग घासताना मी स्वतः बघितलेली आहे. मला रशियन इतिहास वाचायची गरज पडली नाही.

त्या नाटकाच्या शेवटी फसलेला नगरप्रमुख प्रेक्षकांकडे वळतो आणि विचारतो, कुणाला हसताय? स्वतःलाच हसताय! प्रवासात सगळ्यात आधी हरवतं ते हेच. हसू पोचतं, पण बोट फिरतं. आपल्यावर रोखलेलं बोट दुसऱ्या देशात गेलं की 'त्यांच्याकडे' रोखलं जातं, आणि माणूस मजेत पॉपकॉर्न खातो.

'बोरात' (2006) हे त्याचं मोठं उदाहरण. सॅशा बॅरन कोहेन यांचा हा कझाक पत्रकार अमेरिकेत फिरून अमेरिकनांचेच पूर्वग्रह त्यांच्या तोंडून वदवून घेतो. टोमणा अमेरिकेला. पण त्यासाठी मागासलेला म्हणून देश निवडला कझाकस्तान, जो बहुतेक प्रेक्षकांना नकाशात दाखवता आला नसता. सिनेमातलं 'कझाक' गाव प्रत्यक्षात रोमानियातलं आहे. बोरात जे 'कझाक' बोलतो ते बरंचसं हिब्रू आहे, आणि त्याचा सोबती उत्तर देतो ते आर्मेनियनमध्ये! दोघांचं एकमेकांशी मस्त जमतं. इस्रायलमधल्या प्रेक्षकाला त्यात जास्तीचा एक मजला सापडला. कझाक माणसाला मात्र त्या सिनेमात स्वतःचं नाव सोडून काहीच सापडलं नसेल. तिथलं सरकार आधी भडकलं. पुढे त्यांच्याच परराष्ट्रमंत्र्यांनी 2012 मध्ये सांगितलं की सिनेमानंतर व्हिसा दहापट वाढले, आणि 2020 मध्ये तर पर्यटनाच्या जाहिरातीसाठी बोरातचंच पालुपद वापरलं. याला काय म्हणायचं मला कळत नाही. व्यवहार म्हणा.

'द डेथ ऑफ स्टॅलिन'चं उलट झालं. लंडनमध्ये तो सुखानं हसायचा सिनेमा होता; रशियात जानेवारी 2018 मध्ये प्रदर्शनाच्या ऐन तोंडावर त्याचा परवाना काढून घेतला. तिथल्या साहेब लोकांना विनोद समजला नाही असं कुणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही. इतका नेमका समजल्याशिवाय कुणी परवाना काढून घेत नाही.

आपल्या मराठीत हा सगळा पेच एकाच प्रसंगात पकडणारा सिनेमा आहे, चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (2014). व्हेनिसला बक्षिसं मिळवून आलेला. त्यात बाईनं बिनबाह्यांचा पोशाख घातलाय म्हणून न्यायाधीश तिची केस त्या दिवशी ऐकत नाहीत. हे कुठल्याही देशात कळतं, नियमावर बोट ठेवणारे सगळीकडे आहेत. पण दुसरा एक प्रसंग आहे. सरकारी वकील बाई कुटुंबासोबत मराठी नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीयांची टिंगल चालते आणि थिएटर खदाखदा हसतं. परदेशी प्रेक्षक सबटायटल वाचून तो विनोद समजून घेईल, हसणार नाही, नोंद घेईल. मराठी प्रेक्षकाचं वेगळंच होतं. मी तो बघताना पहिल्या वाक्याला हसलो. प्रतिक्षिप्त क्रियाच ती, ती लय आपल्या अंगात भिनलेली आहे. दुसऱ्या वाक्याला लक्षात आलं की दिग्दर्शक नाटक दाखवत नाहीये, हसणाऱ्या खुर्च्या दाखवतोय, आणि त्यातल्या एका खुर्चीत मी बसलोय. भाषा येत असल्याची शिक्षा मिळाली. इटालियन माणूस या शिक्षेतून सुटला, म्हणजे एका अर्थी त्याला सिनेमा अर्धाच मिळाला.

या सगळ्यात आपण देश-परदेश करतोय, पण सरहद्द घोटीच्या अलीकडेही असते. बोलीवर अख्खं नाटक पेलून दाखवणारं मच्छिंद्र कांबळींचं 'वस्त्रहरण' आपल्याकडे होऊन गेलं. तिथे मालवणी बोलणारे स्वतःच खेळ मांडतात, विनोदाची दोरी त्यांच्या हातात असते. तरी पडद्यावर अजून कितीतरी वेळा खानदेशी किंवा वऱ्हाडी हेल काढणारं पात्र म्हणजे घरगडी, शिपाई नाहीतर वेंधळा जावई. त्यानं काही विनोदी बोलावं लागतच नाही.

आत्या जायच्या आदल्या दिवशी टीव्हीवर असाच एक मराठी सिनेमा लागला होता. सबटायटलची गरज नव्हती, पोरगा मोबाइलमध्ये होता. पडद्यावरचा वॉचमन मालकाला म्हणाला की पाणी आलं नाही, टँकर सांगितला आहे. साधं वाक्य, फक्त शेवटी 'आहे'च्या जागी 'शे'. मागून हशाचं रेकॉर्ड वाजलं, आमची सौ. हसली, मीही हसलो असेन. आत्यानं आधी टीव्हीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"काय म्हटला तो?" तिनं विचारलं.

पोरानं मान वर केली. "पाणी आलं नाही म्हणाला."

"ते समजनं माले," आत्या म्हणाली. "तुम्ही काब्र हसनात?"

पोरगा माझ्याकडे बघत राहिला.